गिट्टी, लिंक क्लिप अन् तीन बावीस: गावाकडच्या जुन्या वायरिंगची पार्श्वभूमी

आमच्या वर्धा जिल्ह्यात आजही हार्डवेअरच्या दुकानात "गिट्टी द्या भाऊ" म्हटलं की दुकानदार प्लास्टिकच्या प्लगचं पाकीट काढून देते. भिंतीत स्क्रू धरायला बसवायची ती खरी गिट्टी लाकडाची असे अन् ती विकत भेटत नव्हती, वायरमनला स्वतः तासावी लागे. मी मामाच्या हाताखाली काम शिकायला लागलो तेव्हा सुरुवातीचे कितीतरी दिवस पक्कड हातात आलीच नाही, नुसत्या गिट्ट्या तासायच्या, त्याही वाळलेल्या सागवानाच्या, सुताराकडून उरलेले तुकडे आणून. सागवानाला आपल्याकडं तोटा नव्हता, आलापल्ली-बल्लारशाकडचा माल सगळ्या विदर्भात यायचा.

गिट्टी साधारण दोन इंच लांब, एका तोंडाला इंचभर चौरस अन् दुसऱ्या तोंडाला थोडी कमी. आता कोणालाही वाटते की बारीक तोंड भिंतीत घालून हातोडीनं ठोकायची, खुंटीसारखी. तसं नाही. जाड तोंड आत जाते. छन्नीनं भोक पाडतानाच ते आतून थोडं रुंद कोरायचं, पाणी मारायचं, सिमेंट भरून गिट्टी बसवायची, भिंतीच्या तोंडापासून जराशी आत, अन् मग एक दिवस तिला हात लावायचा नाही. सिमेंट धरलं की गिरमिटानं बारीक छिद्र पाडून स्क्रू पिळायचा. काहून इतकं करायचं, तर आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, लाकूड आक्रसते, अन् पाचरीसारखी ठोकलेली गिट्टी ढिली होऊन स्क्रूसकट बाहेर येते. जाड तोंड आत असलं की आक्रसूनही ती अडकून राहते. मामा हे कधी समजावून सांगत नसत, उलटी ठोकलेली दिसली की फक्त परत काढायला लावत.

पण हे झालं विटांच्या भिंतीचं. गावातली बहुतेक घरं मातीची, दीड-दोन फूट जाडीच्या भिंती अन् वर कवेलू, म्हणजे कौलं. मातीच्या भिंतीत छन्नी मारली की भोक पडत नाही, ढेकूळच निघते. म्हणून जुन्या घरात वायरिंग पाहा, ती कधी सरळ जवळच्या रस्त्यानं जात नाही, खांबावरून चढते, मयालीवरून, म्हणजे छताच्या आडव्या लाकडावरून, जाते, दाराच्या चौकटीला धरून खाली उतरते, म्हणजे जिथं जिथं लाकूड तिथं तिथं लाईन. नवीन पोरांना ते वेडंवाकडं काम वाटते, पण स्क्रू कुठं धरणार याचा विचार करूनच ती लाईन ओढलेली आहे.

शहरात याच अडचणीवर वेगळा तोडगा निघाला होता. 1911 च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंती फार न फोडता विजेचं सामान बसवायचं काम होतं, त्यातून जॉन रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदारानं तागाच्या धाग्यांचा प्लग काढला, धागे चिकटवायला जनावराचं रक्त वापरलेलं, बारीक गोल भोकात घालायचा अन् स्क्रू पिळला की तो फुगून भिंतीला धरते. तोच रॉल प्लग. त्याचं भोक पाडायचं हत्यार म्हणजे जंपर, मूठ धरून एक ठोका मारायचा, थोडं फिरवायचं, परत ठोका. ड्रिल मशीन येईपर्यंत आमच्या पिशवीत तोच होता, अन् एका भोकाला किती वेळ लागेल हे विटेवर. जुन्या भाजलेल्या विटेत हात भरून येत.

गावात वीज आली कशी तेही थोडं सांगतो, त्याशिवाय सामानाचा मेळ लागत नाही. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला अन् त्याच वर्षी वीज मंडळ, म्हणजे एमएसईबी. 1969 मध्ये केंद्र सरकारचं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं, 1974 मध्ये नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. खेड्यात वीज पोचली ती मुख्य करून शेतातल्या विहिरीच्या मोटारीसाठी, घरातला दिवा मागून आला, अन् गरीबाच्या घरी तर 1988-89 च्या कुटीर ज्योती योजनेत एक दिवा. म्हणून शहरात जे सामान जुनं झालं होतं ते आमच्याकडं तेव्हा नवीन म्हणून लागत होतं, नव्वदीतसुद्धा मी लाकडी पट्टी, म्हणजे भिंतीवर तार जिच्यावर बसवतात ती, मारली आहे.

पट्टीचं काम मला अजूनही सगळ्यात देखणं वाटते. आधी दोरीला नीळ लावून भिंतीवर झटका द्यायचा, निळी रेघ उमटते, तिच्यावर गिट्ट्या. पट्टी जमिनीवर ठेवून तिच्यावर लिंक क्लिप, म्हणजे तार धरायच्या पट्ट्या, बारीक खिळ्यांनी आधीच मारून घ्यायच्या, आडव्या पट्टीला चार इंचावर एक, उभ्या पट्टीला सहा इंचावर. मग पट्टी भिंतीला स्क्रूनं बसवायची, तार अंथरायची अन् क्लिपचं शेपूट तिच्याच डोळ्यातून ओवून मागं दाबायचं. क्लिप पातळ पत्र्याची, एकदा चुकीची वळली की दुसऱ्यांदा वळताना तुटते. संध्याकाळपर्यंत अंगठ्याचं नख काळं पडत असे. पण पूर्ण झाल्यावर सगळ्या क्लिपांची तोंडं एका बाजूला, एका रेषेत दिसली पाहिजेत, नाहीतर मामा मजुरी मागायला जात नसत.

तारेची नावं इंग्रजांच्या गेजवरची. तीन बावीस म्हणजे 22 गेजच्या तीन तारा एकत्र पिळलेल्या, सात वीस म्हणजे 20 गेजच्या सात. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. आता सगळं स्क्वेअर एमएममध्ये, तीन बावीस बसते एक अन् दीडच्या मधात, सात वीस चारच्या थोडी वर, पण म्हातारे वायरमन अजून तीन बावीसच मागतात. आधीच्या तारेवर रबर असे, आमच्या उन्हात ते काही वर्षांत कडक होऊन तडकायचं, वाकवलं की पापुद्रे निघायचे. नंतर पीव्हीसी आली, पण तांबं महाग अन् बाहेरून आणावं लागे म्हणून आत ॲल्युमिनियम. त्यानं आम्हाला लय त्रास दिला. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबून हळूहळू सरकते, जोड ढिला होते, गरम होते. एका घरी मी केलेल्या जोडावर हातभर पट्टी काळी पडली होती, घरच्यांनी वास आला म्हणून मेन पाडला तेवढ्यानं वाचलं. तेव्हापासून ॲल्युमिनियमच्या घरी गेलो की दरवर्षी उन्हाळ्याआधी सगळे स्क्रू एकदा कसतो.

बोर्ड सागवानी पेटीचा, वर काळे गोल बॅकेलाईटचे स्विच. बॅकेलाईट 1907 मध्ये लिओ बेकलंडनं अमेरिकेत बनवलं, पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक, उष्णता अन् वीज दोन्ही सोसणारं, म्हणून होल्डर, स्विच, सीलिंग रोज (छतातून तार खाली घ्यायची गोल डबी) सगळं त्याचंच. शेजारी चिनीमातीचा किटकॅट फ्यूज. फ्यूजची तार कल्हई केलेली तांब्याची, अंदाजाची नाही, लोडप्रमाणे जाडीची लावायची. मोटारीच्या खोलीत मात्र फ्यूज उडू नये म्हणून शेतकरी जाड तार घालून ठेवत, रात्रीच्या लाईनीत पाणी देताना परत परत उठणं कोणाला परवडते, पण मग फ्यूजऐवजी मोटारीची वाइंडिंग जळते अन् ऐन हरभऱ्याच्या पाण्यावर आठवडाभर विहीर बंद.

अर्थिंगचा खड्डा कोळसा अन् मीठ भरून करत, अजूनही करतात. काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, खड्ड्यात पुरलेल्या धातूच्या प्लेटभोवतीची माती सुटते अन् अर्थिंग नावापुरती उरते. मामांच्या हातच्या जुन्या घरांत त्या खड्ड्यावर एक पाईप उभा दिसेल, तोंड उघडं, एप्रिल-मेमध्ये घरच्या बाईनं रोज त्यात बादलीभर पाणी ओतायचं हे मामा काम संपवताना तिलाच सांगून येत.