डावा मेंदू, उजवा मेंदू आणि नव्या कल्पना

‘डावा मेंदू गणिताचा, उजवा कलेचा, तुम्ही यातल्या एकाच गटातले’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. सोबत गिरकी घेणाऱ्या नर्तिकेचं हलतं चित्र असतं. ती कोणत्या दिशेला फिरताना दिसते, त्यावरून म्हणे तुमचा मेंदू ठरतो.

आधी चित्रच तपासू. ती नुसती काळी छाया आहे. नाक, डोळे, कपड्यांच्या चुण्या काहीच दिसत नाही. त्यामुळे उचललेला पाय आपल्याकडे येतोय की लांब जातोय, हे मेंदूला स्वतःच ठरवावं लागतं. बाकीचं चित्र हाताने झाकून फक्त खालच्या पावलाकडे पाहत राहा. बऱ्याच जणांना थोड्या वेळात दिशा उलटलेली दिसते. मेंदू मात्र तोच असतो.

या समजाला थोडा आधार आहे, हेही खरं. बहुतेकांची भाषेची मुख्य केंद्रं डाव्या बाजूला असतात. पण दोन्ही अर्धगोल सुमारे २० कोटी तंतूंनी जोडलेले असतात. २०१३ साली हजाराहून अधिक लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले गेले, तेव्हा माणसांचे असे दोन गट सापडले नाहीत.

मला काळजी वाटते ती मुलांची. ‘तुझा कल गणिताकडे, चित्रकला सोड’ असं सांगून आपण कल्पनांची वाटच बंद करतो. १८३०च्या दशकात गणनायंत्राचा आराखडा करताना एका गणितज्ञाने यंत्राला आज्ञा देण्यासाठी भोकं पाडलेली कार्डं निवडली. ती कल्पना गणितातली नव्हतीच; रेशमावर नक्षी विणणाऱ्या मागांवर तशी कार्डं आधीपासून चालत होती.