फुफ्फुस मिटतं: पेशंटचं आणि सीलचं

खोल बुडी मारताना सीलचं फुफ्फुस कोलॅप्स होतं म्हटलं, की डोळ्यांसमोर छातीला नळी लावलेला पेशंट येतो. फुफ्फुस दोन्हीकडे मिटतं, पण कारणं अगदी उलटी.

पेशंटच्या बाबतीत हवा नको तिथे शिरलेली असते: फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधल्या फटीत. तिथला किंचित कमी दाबच फुफ्फुसाला ताणून धरतो. हवा शिरली की तो ताण जातो, फुफ्फुस आकसतं आणि छाती मात्र होती तिथेच राहते. म्हणून नळी घालून ती हवा काढावी लागते.

सीलमध्ये त्या फटीत हवा शिरतच नाही. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ५०० मीटरवर तो ५१ पट होतो. समजा छातीत ५ लिटर हवा असेल, तर तिला जेमतेम १०० मिलिलिटर जागा उरते. सीलच्या बरगड्या इतक्या लवचिक, की छातीच आत दबते आणि फुफ्फुसही तिच्यासोबत. आधी मिटतात ते नाजूक वायुकोश. त्यांतली हवा श्वासनलिकेकडे सरकते. सील आणि देवमाशांत कूर्चेचा आधार श्वासमार्गाच्या अगदी बारीक फांद्यांपर्यंत पोचलेला असतो, माणसात तो बराच आधी संपतो. त्यामुळे हवेची वाट आधी बंद होत नाही. ही नळी म्हणजे पोलादी पाइप मात्र नव्हे. सीलची श्वासनलिकाही दाबाखाली थोडीफार चपटी होते. दाबाशी झुंजण्यापेक्षा दबून घेणं, हाच सगळा डाव आहे.

खरा फायदा पुढेच. श्वासनलिकेच्या जाड भिंतीतून नायट्रोजन रक्तात जात नाही; गेला असता, तर वर येताना दाब उतरल्यावर त्याचे रक्तात बुडबुडे झाले असते. ही कल्पना शरीरक्रियाशास्त्रज्ञ शोलँडर यांनी १९४० मध्ये मांडली. अंटार्क्टिकातल्या वेडेल सीलमध्ये २५ ते ५० मीटरवरच वायुकोश मिटतात, असं पुढे मोजमापांतून दिसलं. ऑक्सिजनची चिंता नसते, कारण त्याचा मुख्य साठा रक्तात आणि स्नायूंतल्या मायोग्लोबिन या ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या प्रथिनात असतो. वर येताना दाब उतरला की वायुकोश आपोआप उघडतात. पेशंटच्या नशिबी हे सुख नाही.

तरी हे कवच अभेद्य समजू नये. २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नौदलाच्या सरावानंतर किनाऱ्याला लागलेल्या चोचदार देवमाशांच्या रक्तवाहिन्यांत वायूचे बुडबुडे सापडले होते.