शिसपेन्सिल, घुमट आणि कुडलचं शिवलिंग

शिसपेन्सिलीत शिसं नसतं. असतं ते ग्राफाइट. पूर्वी लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला आणि नाव मराठीतही तसंच चिकटलं. आजची पेन्सिल मात्र लढाईतून निघाली. इंग्लंडशी युद्ध जुंपल्यावर फ्रान्सला तिथलं चांगलं ग्राफाइट मिळेना. तेव्हा 1795 मध्ये निकोला-जाक काँते यानं ग्राफाइटची पूड चिकणमातीत मळून भट्टीत भाजली. माती जास्त तर पेन्सिल कडक, कमी तर मऊ. कडक 2एच, मधली एचबी, मऊ 6बी हे चढउतार त्यातूनच शक्य झाले.

सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवरच्या विजापुरात इंग्रजांच्या काळी पेन्सिल कलेपेक्षा मोजमापाच्या कामाला जास्त आली. आदिलशाही इमारतींचे नकाशे, छेद, कमानींची मापं काढायची होती, आणि शाईची चूक खोडता येत नाही. त्या रेखाटनांवरून 1866 मध्ये लंडनला मोठा ग्रंथ निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर रेखाटनं करणारे म्हणून हार्ट आणि कमिंग ही नावं आहेत. बाकीचे नुसते ‘नेटिव्ह ड्राफ्ट्समन’, म्हणजे इथले नकाशे काढणारे. नक्षीचा बारीक भाग कुणाच्या हातचा, हे मग कसं कळणार? मला तरी ती ओळ पुस्तकातल्या सगळ्या कमानींपेक्षा जास्त खुपते.

सोलापुरातून चित्रवही घेऊन विजापूरला जाणाऱ्याला गोल घुमट आधी फसवतो. मुहम्मद आदिलशाह 1656 मध्ये वारला, त्याची ही कबर. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर, पण कागदावर तो टोपलीएवढा दिसतो. म्हणून दाराशी एखादा माणूस काढावाच लागतो. खरी गंमत आत आहे: एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी चौकोनी दालनावर गोल घुमट तोलून धरतात. त्या जुळवताना खोडरबर झिजतो. छटांना मात्र मऊ पेन्सिल हवी. मोकळ्या भिंतींवर सावली सरळ उतरते.

शिल्प काढायचं तर दक्षिण सोलापुरातलं हत्तरसंग कुडल, भीमा-सीनेच्या संगमावरचं. तिथला शके 940 चा, म्हणजे 1018 चा मराठी शिलालेख सगळ्यांना ठाऊक असतो. चित्रकाराला अडवतं ते बहुमुखी शिवलिंग. साडेतीनशेहून जास्त मुखं, ओळींवर ओळी. इथे विजापूरची 6बी दप्तरातच ठेवावी. ती टेकवली की दोन मुखांमधली फट काजळून जाते.