आतड्यात दडलेला जुना भाडेकरू

इंदूरच्या मराठी घरात कुणाचं पोट बिघडलं की खापर सराफ्यावर, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारावर फुटतं. रामबागेतल्या माझ्या आतेभावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा. गोळ्यांवर त्याचं बरं चाललं होतं. थंडीत दिवसाला दहा-बारा वेळा रक्ताचे जुलाब सुरू झाले, तर आत्याचा पहिला प्रश्न, "गराडू कुठे खाल्लास रे?"

गराडू, म्हणजे थंडीत तळून खातात तो कंद, बिचारा निर्दोष होता. शिरेतून स्टिरॉइड देऊन पाच दिवस झाले तरी फरक पडेना. अशा वेळी मूळ आजारच चिघळलाय की जोडीला विषाणू आहे, हे बघावं लागतं. त्यात सायटोमेगॅलोव्हायरसचा संशय आधी येतो.

हा कांजिण्यांच्या विषाणूचा भाऊबंद. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो, कळतही नाही, आणि मग काही पांढऱ्या पेशींत जन्मभर मुक्काम ठोकतो. आतड्याला सूज आली की याच पेशी तिकडे धावतात. सुजेतलं टीएनएफ हे प्रथिन त्याला जागं करतं. त्याला दाबून ठेवणाऱ्या टी पेशी स्टिरॉइड आणि अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी आधीच ढिल्या पडलेल्या असतात. म्हणजे सूज उतरवायला दिलेलं औषधच त्याचं फावू देतं.

रक्तातल्या आयजीजी या प्रतिपिंडाच्या चाचणीवरून फक्त जुनी लागण कळते, आणि ती तर जवळजवळ सगळ्यांनाच! म्हणून दुर्बीण घालून जखमेच्या तळाचे आणि कडेचे तुकडे घेतात. काचपट्टीवर गुलाबी-जांभळ्या पेशींच्या गर्दीत एखादी दुप्पट-तिप्पट फुगलेली दिसते. तिच्या केंद्रकात गडद गोळा, भोवती पांढरं कडं: हुबेहूब घुबडाचा डोळा. पण हा डोळा दर वेळी सापडतोच असं नाही, म्हणून विषाणूची प्रथिनं तपकिरी रंगवणारी खास चाचणीही करतात. एखादीच पेशी रंगली तर डॉक्टर विचारात पडतात. पुष्कळ रंगल्या तर गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध देतात, आधी सलाइनमधून, मग त्याच्याच भावंडाच्या गोळ्या, एकूण दोन-तीन आठवडे. त्याने पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. स्टिरॉइड हळूहळू उतरवतात.

भावाच्या तुकड्यांत पुष्कळ पेशी रंगल्या होत्या.

आता कोलायटिससाठी टोफासिटिनिब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा विचार चाललाय. त्या गोळ्यांवर नागीण उठण्याचा धोका वाढतो. नागिणीची लस आधी घेतलेली बरी; ती जिवंत विषाणूची नाही, त्यामुळे अशा रुग्णांनाही चालते, दोन डोस. कांजिण्यांची लस मात्र जिवंत विषाणूची, ती ही औषधं चालू असताना देत नाहीत.

नागिणीचं नाव निघताच आत्या धास्तावली: विळखा पुरा झाला की माणूस जातो म्हणतात ना! पण तो सहसा पुरा होतच नाही. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्यालगतच्या नसांच्या गाठींत दडलेला असतो, आणि जागा होतो तो सहसा एकाच बाजूच्या एका नसेच्या गाठीत. ती नस छातीच्या मध्यापर्यंतच पोचते, फोडही तिथेच थांबतात.