योहान (युरोपीय व्यक्तिनाम)

इंग्रजीतला जॉन, फ्रेंचमधला झाँ, स्पॅनिशमधला हुआन, रशियनमधला इव्हान, पोलिशमधला यान, इटालियनमधला जोव्हान्नी आणि आयरिशमधला शॉन ही एकाच हिब्रू नावाची रूपे. मूळ नाव ‘योहानान’. त्यातला ‘यो’ म्हणजे यहोवा या देवनामाचा संक्षेप आणि पुढच्या भागात कृपा करण्याचा अर्थ. ‘परमेश्वराने कृपा केली’ असे अख्खे वाक्यच या नावात आहे. ग्रीकमध्ये त्याचे ‘योआन्नेस’ झाले, लॅटिनमध्ये ‘योहान्नेस’, आणि तिथून ते युरोपभर पसरले. मराठी बायबलमध्ये ते ‘योहान’ आहे.

ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी युरोपातली बरीच नावे दोन शब्द जोडून केलेली असत आणि ऐकणाऱ्याला ती कळतही असत. जर्मानिक भाषांतला रॉबर्ट म्हणजे कीर्तीने झळकणारा. स्लाव्ह नावांच्या शेवटी येणारा ‘स्लाव्ह’ आणि पेरिक्लीस, सोफोक्लीस या ग्रीक नावांतला ‘क्लीस’ हे दोन्ही कीर्तिवाचक आहेत आणि संस्कृत ‘श्रवस्’ या शब्दाचे सख्खे भाऊबंद आहेत. मराठी माणसाला यशवंत किंवा कीर्तिकुमार जसा उलगडून सांगावा लागत नाही, तशीच ही नावे होती. योहानचे तसे नाही. ते युरोपात आले तेव्हा त्याचा अर्थ हिब्रू जाणणाऱ्यांपुरताच उरला होता. लोकांनी ते घेतले ते संताचे नाव म्हणून. संतही एक नव्हे, दोन: बाप्तिस्मा करणारा योहान आणि येशूचा शिष्य योहान.

लूकच्या शुभवर्तमानात या नावाचे बारसेच आहे. नातेवाईक मुलाला बापाचे, म्हणजे जखऱ्या हे नाव ठेवायला निघतात. आई अलीशिबा योहान म्हणते, तर ‘तुमच्या नात्यात या नावाचे कोणी नाही’ अशी हरकत येते. शेवटी वाचा गेलेला बाप पाटीवर लिहून देतो, ‘याचे नाव योहान आहे’. घराण्यातले नाव की बाहेरचे, हा वाद आपल्याकडच्या आत्याबाईंनाही नवा वाटू नये.

पुढे संतांच्या नावांना चर्चचे आणि कायद्याचेही पाठबळ मिळाले. 1566 च्या रोमन धर्मशिक्षणग्रंथाने बाप्तिस्म्याच्या वेळी संताचे नाव द्यावे असे सांगितले. फ्रान्सच्या 1803 च्या कायद्याने पंचांगांत आढळणारी नावे आणि प्राचीन इतिहासातल्या व्यक्तींची नावे एवढीच नोंदवता येतील असे ठरवले. ही चौकट 1993 मध्ये मोडली. इंग्लंडमध्ये 1066 साली फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांच्या विजयानंतर लिओफ्रिक, एथेलरेड अशी जुनी नावे काही पिढ्यांत मागे पडली. एडवर्ड टिकला, त्याला मोठे कारण त्या नावाचा राजा संत ठरला हे.

रूपे इतकी वेगळी का, याचे उत्तर उच्चारात आहे. यमुनेची जमुना आणि योगीचा जोगी होतो, तसाच लॅटिनमधला ‘य’ काही भाषांत ‘ज’कडे सरकला. फ्रेंचमध्ये पुढे त्याचा घर्षक ‘झ’ झाला, स्पॅनिशमध्ये तो घशात उतरून ‘ह’ झाला. जर्मन, डच, पोलिश यांनी ‘य’ सोडला नाही. स्लाव्ह भाषांत दोन स्वरांच्या मध्ये ‘व’ शिरला. रशियात चर्चच्या भाषेत ‘इओआन’ आणि घरीदारी ‘इव्हान’, लाडाने ‘वान्या’. ऑर्थोडॉक्स पंथाचा सर्ब बहुधा योव्हान असतो आणि कॅथलिक क्रोएट इव्हान, म्हणजे एकाच नावाच्या रूपावरून पंथाचा अंदाज बांधता येतो. आयर्लंडमध्ये तर हे नाव दोनदा आले: लॅटिनमधून ‘ओवेन’सारखे ऐकू येणारे एक रूप आणि नॉर्मन फ्रेंचमधून शॉन.

नाव फार झाले की ते कोणाचेच राहत नाही. जर्मन हान्स, रशियन इव्हान, इंग्रजी जॅक (हा जॉनचाच लाडका अवतार) ही नावे कुठल्याही सामान्य माणसासाठी वापरली गेली. जॅक म्हणजे हरकाम्या गडी, म्हणून कष्टाचे काम करणाऱ्या अवजारालाही जॅक. पंक्चर काढताना आपण गाडीला जो जॅक लावतो तो हाच. जॅकफ्रूटचा मात्र त्याच्याशी संबंध नाही. तो शब्द मल्याळम ‘चक्क’वरून पोर्तुगीजमार्गे आला.

आडनावांत जॉन्सन, जोन्स, जेंकिन्स, इव्हानोव्ह ही याचीच पिल्लावळ. आइसलंडमध्ये बहुतेकांना आडनावच नसल्याने योनचा मुलगा योन्सन आणि मुलगी योन्सडोटिर. स्त्रीनामांत योहाना, झान, जेन, इव्हाना येतात.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा सण 24 जूनला, उत्तर गोलार्धातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास. लाटव्हियात त्याला ‘यानि’ आणि फिनलंडमध्ये ‘युहान्नुस’ म्हणतात. होळ्या पेटवण्याची रीत दोन्हीकडे आहे. पोर्तुगीज ‘जुआंव’ गोव्यात आला तो भर पावसाळ्यात. तिथे आगीऐवजी पाणी आले. सांजांवच्या दिवशी डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून, ‘व्हिवा सांजांव’ ओरडत लोक विहिरींत उड्या मारतात. मरिया भेटीला आली तेव्हा अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने उडी मारली होती, तिची ही आठवण असे गोंयकार सांगतात.