किटण बोअरच्या पाण्याचं की तोंडच्या पाण्याचं?

जत-आटपाडीकडून मिरजेला दात दाखवायला आलेला माणूस खुर्चीत बसता बसताच सांगून टाकतो, "आमच्याकडं बोअरचं पाणी हाय, त्यानं दातावर किटण धरतंय." तर्क वाईट नाही. त्याच पाण्यानं हिटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, हंड्याच्या तळाला खपल्या धरतात. पण प्यायलेलं पाणी तोंडात थांबतं किती? घोटभर वेळ. दातांना दिवसरात्र भिजवते ती लाळ, आणि किटणातलं कॅल्शियम मुख्यतः तिच्यातलंच.

खालच्या पुढच्या दातांच्या मागून जीभ फिरवून बघा. खरखर बहुधा तिथंच आधी लागते. जिभेखालच्या लाळेच्या नळ्या नेमक्या तिथं उघडतात. त्यांतली जबड्याखालच्या ग्रंथीची नळी थॉमस व्हार्टननं १६५६ मध्ये वर्णन केली. किटणाची दुसरी आवडती जागा वरच्या दाढांची गालाकडची बाजू. तिथं कानापुढच्या ग्रंथीची नळी येते, ती निकोलस स्टेनोला १६६० मध्ये सापडली.

लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की साध्या पाण्यात ते खाली बसलं असतं. स्टॅथेरिनसारखी प्रथिनं त्याला विरघळलेलं ठेवतात. हा साठा लागतोच, कारण पेढा-पेरू खाल्ल्यावर जंतू आम्ल करतात, पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं वरचं आवरण झिजू लागतं, आणि ती झीज लाळच भरून काढते. पण दातावर जंतूंचा मऊ थर राहिला की डाव उलटतो. नळीतून बाहेर पडताच लाळेतला कार्बन डायऑक्साइड उडतो, थरातले जंतू युरियापासून अमोनिया करतात, पीएच चढतो, आणि तेच खनिज थरात गोठून त्याचा दगड होतो, तेच किटण. दात सांधणारा गवंडीच कचऱ्यावर गिलावा करून जातो म्हणा ना.

हा दगड आपल्याकडं जुनाच ओळखीचा. सुश्रुतसंहितेत त्याला दंतशर्करा म्हटलंय. इथं शर्करा म्हणजे साखर नव्हे, बारीक खडे. दाताच्या मुळांना इजा न करता तो काढावा, मग मधात कालवलेली लाखेची पूड चोळावी, असं तिथं सांगितलंय. युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्यानं शरीरात साचणाऱ्या खड्यांना 'टार्टर' म्हटलं, वाइनच्या पिंपात बसणाऱ्या खरपुडीवरून. ती खरपुडी द्राक्षातल्या आम्लाची, तासगावच्या द्राक्षातही असतं तेच. दातावरच्या दगडाशी तिचं रासायनिक नातं काही नाही. नाव मात्र चिकटलं.

हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापड-व्यापारी लेव्हेनहुक रोज मिठानं दात घासायचा. तरी दातांच्या फटींत पिठासारखं पांढरं काहीतरी उरायचं. ते भिंगाखाली धरल्यावर वळवळणारे जीव दिसले. १६८३ च्या पत्रात त्यानं ते लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला कळवलं. राखुंडीनं घासणाऱ्या आपल्या आज्यांनाही ते फटीतलं पीठ चुकलं नसणार.

तरीही हिरड्या सुजवतो तो दगडच, असंच बराच काळ मानलं गेलं. १९६५ मध्ये डेन्मार्कच्या आरहूसमध्ये हॅराल्ड लो यांच्या गटानं १२ निरोगी माणसांचं दात घासणं बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू होताच पूर्ववत झाल्या. म्हणजे चिथावणारा तो मऊ, जिवंत थर. दगड त्याला खडबडीत बसायला जागा देतो आणि ब्रशला तिथं पोचू देत नाही, हा त्याचा गुन्हा.

आमच्या भागात या सगळ्यात मशेरी येते. सकाळी बोटानं चोळली की दात गुळगुळीत लागतात, म्हणून ती साफसफाईच वाटते. आहे ती भाजलेली तंबाखू. थर फटीत राहतो तो राहतोच, वर डाग चढतात आणि हिरडी खाली सरकते.

आणि ती जुनी तक्रार, "मशीननं साफ केले अन् दात ढिले झाले." किटणाखाली हिरडी आणि हाड आधीच गेलेलं असतं, दगडच दातांना एकमेकांत जखडून धरतो. मशीनखाली त्याच्या पिवळट-तपकिरी कपच्या निघाल्या की फट उघडी पडते, गार पाणी झोंबतं. घरी जाईपर्यंत जीभ त्या फटीतच घोटाळत राहते.