प्रोसेस प्रायॉरिटी

संगणकावर एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रामपैकी प्रोसेसर आधी कोणाला मिळावा, हे ठरवणारी पायरी म्हणजे प्रोसेस प्रायॉरिटी. मराठीत ‘प्रक्रिया-प्राधान्य’ म्हणता येते, पण बोलताना तसे कोणी म्हणत नाही. मागे चालणारे काम लवकर उरकावे म्हणून ही पायरी चढवण्याची युक्ती विदर्भातल्या तालुक्याच्या गावी, सेतू केंद्रांत आणि लग्नाच्या व्हिडिओचे मिक्सिंग करणाऱ्या स्टुडिओंत, एकाकडून दुसऱ्याकडे सांगितली जाते. युक्ती खरी आहे. तिच्याकडून ठेवली जाणारी अपेक्षा बहुधा चुकीची असते.

जिनिंगच्या काट्यापुढे कापसाच्या बंड्या उभ्या असतात (आता बंड्यांपेक्षा ‘छोटा हत्ती’च जास्त), तशी ही रांग आहे. नंबर पुढे सरकवला की तुमची गाडी आधी काट्यावर चढते. काटा मात्र पूर्वीच्याच वेगाने तोलतो. आणि पुढे कोणीच नसेल, तर पहिला नंबर काय नि दहावा काय, सारखेच.

विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या (चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या खिडकीच्या) ‘डिटेल्स’ भागात प्रोग्रामवर राइट क्लिक करून ‘सेट प्रायॉरिटी’वर गेले की सहा पायऱ्या दिसतात: लो, बिलो नॉर्मल, नॉर्मल, अबव्ह नॉर्मल, हाय आणि रिअलटाइम. आत प्रत्यक्षात ० ते ३१ असे क्रमांक असतात; इथे मोठा क्रमांक म्हणजे वरची पायरी. नॉर्मलचा मूळ क्रमांक ८, हायचा १३. रिअलटाइमच्या वाटेला जाऊ नये. त्यात अडकलेला प्रोग्राम माउस-कीबोर्डलाही वाट पाहायला लावू शकतो. अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसताना कोणी तो निवडला, तर विंडोज काही न बोलता ‘हाय’वरच थांबते, हे एका अर्थी बरेच आहे. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हिशेब उलटा. तिथल्या आकड्याला ‘नाइस’ म्हणतात आणि तो −२० ते १९ असतो. आकडा जितका मोठा तितका प्रोग्राम सोशिक, म्हणजे दुसऱ्याला वाट देणारा. शून्याच्या खाली न्यायचे तर साधारणपणे रूट, म्हणजे तिथल्या अॅडमिनिस्ट्रेटरचे, अधिकार लागतात.

मे महिन्यातला स्टुडिओ डोळ्यांसमोर आणा. तीन लग्नांचे मिक्सिंग तुंबलेले, लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, इन्व्हर्टर दमलेला. त्याच मशीनवर एखादा कास्तकार सातबाऱ्याची प्रिंट मागतो. मालक घाईने रेंडर (मिक्सिंग झालेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्याचे काम) ‘हाय’वर टाकतो आणि ब्राउझर हँग मारतो, माउस अडखळतो; रेंडरची मिनिटे फारशी कमी होत नाहीत, कारण प्रोसेसर बहुतेक आधीच त्याच्याकडे होता. अशा वेळी उलटे करावे: रेंडर ‘बिलो नॉर्मल’वर ठेवावे. टायपिंग आणि प्रिंटला प्रोसेसर थोडाच लागतो, उरलेला सगळा रेंडरलाच मिळतो. प्रिंट लगेच निघते आणि रेंडरचे नुकसान नगण्य असते.

जुन्या मशीनवर अडचण अनेकदा प्रोसेसरची नसतेच. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) २० टक्के दिसत असेल, तर पायरी कितीही चढवली तरी फरक पडणार नाही. तिथे रॅम वाढवणे किंवा हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान डिस्क, बसवणे हाच उपाय.

प्राधान्य आंधळेपणाने लावले की वेगळाच घोळ होतो, त्याला ‘प्रायॉरिटी इन्व्हर्जन’ म्हणतात: खालच्या पायरीवरचे काम वरच्याला हवी असलेली गोष्ट अडवून बसते. मागच्या नंबरची बंडी नेमकी फाटकात अडकली, तर पहिल्या नंबरचाही खोळंबा होतो. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानाचा संगणक याच कारणाने वारंवार रीसेट होत होता; दुरुस्ती पृथ्वीवरून पाठवावी लागली. विंडोजनेही यासाठी सोय ठेवली आहे: सुमारे चार सेकंद वाट पाहत ताटकळलेल्या कामाला ते थोड्या वेळापुरते वर उचलते.

विंडोजच्या ‘परफॉर्मन्स ऑप्शन्स’ या सेटिंगमध्ये ‘बॅकग्राउंड सर्व्हिसेस’ हा एक पर्याय असतो. तो मुळात सर्व्हरसाठी आहे. त्याने समोरच्या खिडकीचा खास मान जातो आणि सगळ्यांना प्रोसेसरच्या सारख्या, लांब पाळ्या मिळतात. रात्रभर रेंडर लावून घरी जाणाऱ्याला चालेल, दिवसा गिऱ्हाईक सांभाळणाऱ्याला नाही.

टास्क मॅनेजरमधून केलेला बदल प्रोग्राम बंद होईपर्यंतच टिकतो. लाइट जाऊन मशीन बंद पडले की रेंडर पुन्हा सुरू करावे लागते आणि त्याची पायरी पुन्हा नॉर्मलवर आलेली असते.